‘राजपूत’ची सत्तावीस वर्षे आणि ‘गाझी’चे कोडे

दुसऱ्या महायुद्धासाठी ब्रिटनमध्ये बांधलेली, भारताने वापरलेल्या अवस्थेत घेतलेली आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना १९७१ च्या युद्धात आमिष म्हणून समुद्रात पाठवलेली विनाशिका म्हणजे ‘आयएनएस राजपूत’. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी तिने बुडवली, असे भारतीय नौदलाची अधिकृत नोंद सांगते. पाकिस्तानला ते मान्य नाही आणि भारतातही त्यावर प्रश्न विचारले गेले आहेत. या विनाशिकेच्या कारकिर्दीचा आणि त्या एका रात्रीचा हा मागोवा.

वर्धा : विदर्भातील वाचकाला समुद्र लांबचा वाटतो. हवाई अंतर मोजले, तर वर्ध्याहून मुंबई आणि विशाखापट्टणम ही नौदलाची दोन्ही मोठी ठाणी साधारण सहाशे किलोमीटरवर येतात. पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र यांच्या जवळजवळ मध्यावर हा जिल्हा आहे. मात्र जिल्ह्यातील पाण्याची ओढ पूर्वेकडे आहे. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी विशाखापट्टणमच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागरात रिकामी होते. याच उपसागराच्या तळाशी, विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, १९७१ च्या डिसेंबरपासून एक पाणबुडी पडून आहे. तिच्यात नव्वदहून अधिक पाकिस्तानी नौसैनिक होते. त्यांपैकी एकही वाचला नाही.

ती पाणबुडी तेथे का आली, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. ती कशी बुडाली, याचे निर्विवाद उत्तर पाच दशकांनंतरही मिळालेले नाही. या प्रश्नाच्या केंद्रस्थानी ‘राजपूत’ आहे. म्हणून तिची कारकीर्द मुळापासून पाहणे आवश्यक ठरते.

विनाशिका म्हणजे काय?

‘विनाशिका’ हा शब्द ऐकून एखादी अजस्र युद्धनौका डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात या नौकांचा जन्म झाला तो लहान आणि चपळ नौका म्हणूनच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर हे नवे अस्त्र आले. पाणतीर डागणारी एखादी छोटी, स्वस्त बोट लाखो पौंड खर्चून बांधलेल्या चिलखती युद्धनौकेला जलसमाधी देऊ शकेल, अशी भीती निर्माण झाली. या बोटींचा पाठलाग करून त्यांचा नाश करणारी, त्यांच्याहून वेगवान आणि त्यांच्याहून थोडी मोठी नौका हवी होती. ब्रिटनने १८९३ मध्ये जलावतरण केलेली ‘हॅवॉक’ ही या प्रकारातील पहिल्या नौकांपैकी एक. ‘पाणतीर बोटींची विनाशिका’ या लांबलचक नावातील पहिला भाग पुढे गळून पडला आणि ‘विनाशिका’ एवढेच उरले.

अमेरिकेने १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर हा धडा गिरवला. त्या वर्षी सोळा विनाशिकांना मंजुरी मिळाली. त्यांतील पहिला क्रमांक मिळालेली ‘बेनब्रिज’ १९०२ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली. तिचे वजन जेमतेम चारशे वीस टन होते. एवढ्याशा नौकांच्या एका पथकाला अटलांटिक ओलांडून, सुएझ कालव्यातून आणि हिंदी महासागरातून थेट फिलिपिन्सपर्यंत पाठवण्यात आले. १९०४ मध्ये त्या तेथे पोहोचल्या, तेव्हा या चिमुकल्या नौका दूरवरच्या मोहिमांनाही उपयोगी पडू शकतात, हे सिद्ध झाले.

त्या पथकातील दोन नौकांचे पुढचे भवितव्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘डिकेटर’ ही नौका १९०८ मध्ये फिलिपिन्सच्या किनाऱ्याजवळ गाळात रुतली आणि तिच्या तरुण कप्तानावर नौदल न्यायालयात खटला चालला. तो कप्तान म्हणजे चेस्टर निमित्झ. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील संपूर्ण अमेरिकी आरमाराचे नेतृत्व याच निमित्झ यांनी केले. दुसरी नौका ‘चॉन्सी’. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांपासून व्यापारी जहाजांना संरक्षण देण्यासाठी ती युरोपकडे आली. नोव्हेंबर १९१७ मध्ये जिब्राल्टरच्या पश्चिमेला रात्रीच्या काळोखात तिची एका ब्रिटिश मालवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि ती कप्तानासह बुडाली. २१ जण मृत्युमुखी पडले. शत्रूची एकही गोळी तिला लागली नव्हती.

पहिल्या महायुद्धाने विनाशिकेचे काम बदलून टाकले. पाणतीर बोटींपेक्षा पाणबुडी हा मोठा शत्रू ठरला. ताफ्याच्या पुढे आणि बाजूला राहायचे, पाण्याखालचा शत्रू हुडकायचा, गरज पडली तर स्वतःवर वार झेलून मोठ्या नौकेला वाचवायचे, हा विनाशिकेचा धर्म ठरला. ‘राजपूत’ची कहाणी याच धर्माची आहे.

‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’ होते

‘राजपूत’चे मूळ नाव ‘रॉदरहॅम’. स्कॉटलंडमधील क्लाइड नदीकाठच्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत तिची बांधणी झाली. मार्च १९४२ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि त्याच वर्षी ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १०९ मीटर, वजन सतराशे टनांच्या आसपास, वेग ताशी ३६ सागरी मैल. ४.७ इंची चार तोफा, पाणतीरांच्या आठ नळ्या आणि पाणबुडीविरोधी स्फोटके असा तिचा सरंजाम होता. ती आपल्या गटाची प्रमुख नौका होती.

महायुद्धाच्या उत्तरार्धात ती ब्रिटनच्या पूर्वेकडील ताफ्यात आली. एप्रिल १९४४ मध्ये सुमात्राजवळच्या साबांग बंदरावर मित्रराष्ट्रांनी विमानवाहू नौकांवरून हल्ला चढवला. त्या ताफ्यात ‘रॉदरहॅम’ होती आणि अमेरिकेची विमानवाहू नौका ‘साराटोगा’ही होती. सप्टेंबर १९४५ मध्ये जपानी फौजांनी सिंगापूरचा नाविक तळ खाली ठेवला, तेव्हा तो ताब्यात घेण्याचे काम ‘रॉदरहॅम’च्या कप्तानाच्या वाट्याला आले. त्या तळाच्या एका प्रवेशद्वाराला पुढे या नौकेचेच नाव देण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर भारताकडे आरमार होते ते नावापुरते. फाळणीत नौकांचीही वाटणी झाली होती. देशात मोठी युद्धनौका बांधण्याची सोय नव्हती आणि नवी विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. महायुद्ध संपल्याने ब्रिटनकडे मात्र नौका जास्त झाल्या होत्या. १९४८ मध्ये क्रूझर ‘अकिलीज’ भारताची ‘दिल्ली’ झाली. पाठोपाठ १९४९ मध्ये तीन विनाशिका आल्या. ‘रॉदरहॅम’ची ‘राजपूत’, ‘रेडाउट’ची ‘रणजित’ आणि ‘रेडर’ची ‘राणा’ झाली. स्वतंत्र भारताच्या नौदलातील या पहिल्या विनाशिका. मूळ इंग्रजी नावांचे आद्याक्षर भारतीय नावांतही राखले गेले, हा योगायोग नसावा.

या तीन नौकांचा पहिला आणि कदाचित सर्वांत मोठा उपयोग शिक्षणासाठी झाला. ब्रिटिशांच्या काळातील ‘रॉयल इंडियन नेव्ही’चे स्वरूप प्रामुख्याने किनाऱ्याचे रक्षण करणाऱ्या लहान नौकांचे होते. ताफ्याने एकत्र फिरणे, वेगाने दिशा बदलत पाणबुडीचा माग काढणे, मोठ्या नौकेभोवती संरक्षणाचे कडे धरणे, हे सारे भारतीय खलाशी आणि अधिकारी ‘दिल्ली’ आणि या तीन विनाशिकांवर शिकले. त्या काळी आरमाराचे मुख्य ठाणे मुंबई होते.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीसाठी लष्करी कारवाई झाली, तेव्हा विमानवाहू नौका ‘विक्रांत’ भोवतीच्या गटात ‘राजपूत’ होती. पोर्तुगीज नौकेशी प्रत्यक्ष चकमक झाली ती ‘बेतवा’ आणि ‘बिआस’ या फ्रिगेटची. ‘राजपूत’च्या वाट्याला पहारा आला. सेवापुस्तकात अशी कामे एका ओळीत संपतात, पण विनाशिकेच्या आयुष्यातील बहुतांश दिवस असेच जातात.

समोरचा प्रतिस्पर्धी : अमेरिकेत जन्मलेली ‘गाझी’

‘गाझी’ही मुळात पाकिस्तानी नव्हती. अमेरिकी नौदलासाठी बांधलेल्या ‘डायब्लो’ या पाणबुडीचे जलावतरण १९४४ च्या डिसेंबरमध्ये झाले आणि मार्च १९४५ मध्ये ती सेवेत आली. युद्ध संपत आल्याने तिला प्रत्यक्ष लढाईची संधी मिळाली नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने मित्रदेशांना जुनी शस्त्रसामग्री देण्याचा सपाटा लावला, त्यात ती १९६० च्या दशकात भाडेपट्ट्याने पाकिस्तानकडे आली. ती पाकिस्तानची पहिली पाणबुडी. दक्षिण आशियात त्या वेळी दुसऱ्या कोणाकडेही पाणबुडी नव्हती. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या समुद्रात भारतीय युद्धनौकांवर नजर ठेवून होती.

अशा रीतीने १९७१ मध्ये आमनेसामने आलेल्या दोन्ही नौका महायुद्धाच्या काळातल्या होत्या. एक ब्रिटिश गोदीतली, दुसरी अमेरिकन. नवस्वतंत्र देशांनी बड्या राष्ट्रांकडून मिळालेल्या जुन्या शस्त्रांनी आपसांत लढावे, हे त्या काळाचे वास्तव होते.

‘गाझी’चे मोल तिच्या पल्ल्यात होते. पाकिस्तानने फ्रान्सकडून घेतलेल्या नव्या पाणबुड्या आधुनिक होत्या, पण त्यांचा पल्ला मर्यादित होता. कराचीहून निघून संपूर्ण भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालायचा आणि बंगालच्या उपसागरात काम करून परतायचे, हे एकट्या ‘गाझी’लाच शक्य होते. १९७१ च्या नोव्हेंबरच्या मध्याला ती कमांडर जफर मुहम्मद खान यांच्या नेतृत्वाखाली कराचीहून निघाली. लक्ष्य होते भारताची एकमेव विमानवाहू नौका ‘विक्रांत’.

एका नौकेने घेतलेले दुसरीचे सोंग

‘विक्रांत’ त्या वर्षी पश्चिमेकडून पूर्वेला हलवण्यात आली होती. तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता आणि त्यामुळे तिचा वेग मर्यादित झाला होता. वेगाने पळता न येणारी विमानवाहू नौका म्हणजे पाणबुडीसाठी सोपे सावज. मात्र पूर्व पाकिस्तानची बंदरे बंद पाडायची, तर तिच्यावरील ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानांना पर्याय नव्हता. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांच्यापुढे असा दुहेरी पेच होता.

कृष्णन यांनी ‘विक्रांत’ गुपचूप अंदमानच्या बाजूला हलवली. तिच्या तेथील गुप्त मुक्कामाला ‘पोर्ट एक्स-रे’ असे सांकेतिक नाव होते. ती विशाखापट्टणमच्या परिसरातच आहे, असे शत्रूला वाटत राहणे गरजेचे होते. त्यासाठी ‘राजपूत’ची निवड झाली. तीस वर्षांच्या घरात आलेली ही विनाशिका निवृत्तीच्या वाटेवर होती.

फसवणुकीची योजना कृष्णन यांनी पुढे आपल्या आठवणींत सविस्तर सांगितली. ‘राजपूत’ समुद्रात गेली आणि विमानवाहू नौका करते तशी भरमसाट बिनतारी संदेशांची देवाणघेवाण करू लागली. बंदरात मोठ्या नौकेला लागेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवण्यात आली. ‘विक्रांत’वरील एका खलाशाच्या नावाने, आजारी आईची विचारपूस करणारी साधी तारही मुद्दाम पाठवण्यात आली. गावात आणि बाजारात हेर असतील, तर ही बातमी त्यांच्या कानावर जावी, असा हेतू होता. नौदलाच्या शिस्तीत एरवी गंभीर मानली जाणारी बेफिकिरी येथे हत्यार म्हणून वापरली गेली.

यातील धोका उघड होता. शत्रूने विश्वास ठेवावा, हीच योजना असल्याने ती यशस्वी झाली की पाणबुडी ‘राजपूत’च्या दिशेने येणार होती. ‘विक्रांत’चे सोंग घेणाऱ्या नौकेवर शेकडो माणसे नव्हती, विमाने नव्हती, परंतु पाणतीर लागला तर तो खराच लागणार होता.

३ डिसेंबरची रात्र

३ डिसेंबर १९७१ च्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील भारतीय हवाई तळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. ‘राजपूत’ त्या वेळी विशाखापट्टणम बंदरात होती. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना तातडीने समुद्रात जाण्याचे आदेश मिळाले. त्या बंदराची वाट अरुंद आहे. ‘डॉल्फिन्स नोज’ या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या खाडीतून नौकांना बाहेर पडावे लागते. तोंडाशी पाणबुडी दबा धरून बसली, तर बाहेर पडणारी नौका तिच्या समोरच येते. त्यामुळे दिशादर्शक दिवे बंद करून, अंधारातच नौका बाहेर काढण्याचे ठरले.

अधिकृत वृत्तांतानुसार मध्यरात्रीच्या थोडे आधी ‘राजपूत’ निघाली. वाट दाखवणारा बंदराचा नाविक उतरला आणि नौकेने वेग घेतला. काही वेळातच टेहळणी करणाऱ्या खलाशाला पुढच्या बाजूला पाण्यात विचित्र खळबळ दिसली. पाणबुडी घाईने खाली जात असताना पाणी असे ढवळते. इंदर सिंग यांनी त्या जागेवर दोन ‘डेप्थ चार्ज’ टाकण्याचा आदेश दिला.

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे स्फोटकांची भाषा वर्धेकरांना सर्वस्वी अनोळखी नाही, तरीही हे अस्त्र थोडे वेगळे आहे. पिंपासारख्या पत्र्याच्या डब्यात स्फोटक भरलेले असते आणि ते नौकेवरून सरळ पाण्यात सोडले जाते. आतील झडपेवर पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढला की स्फोट होतो. म्हणजे किती खोलीवर फुटावे, हे आधी ठरवता येते. ते पाणबुडीवर थेट आदळावेच लागते असे नाही. पाणी दाबले जात नसल्याने स्फोटाचा धक्का दूरवर पोहोचतो आणि जवळ असलेल्या पाणबुडीचे सांधे खिळखिळे करू शकतो. उथळ पाण्यात तो टाकणाऱ्या नौकेलाही हादरवतो. ‘राजपूत’ही त्या रात्री हादरली. नंतर काही हाती लागले नाही, तेव्हा ती पुढच्या कामगिरीवर निघून गेली.

मध्यरात्रीनंतर साधारण सव्वाबाराच्या सुमारास विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर प्रचंड स्फोटाचा आवाज ऐकू आला. घरांच्या खिडक्या खडखडल्या. पंतप्रधान इंदिरा गांधी त्याच सुमारास आकाशवाणीवरून देशाला उद्देशून बोलत होत्या. त्यानंतरच्या दिवसांत मच्छीमारांना समुद्रात तरंगणारे अवशेष सापडले. नौदलाच्या पाणबुड्यांनी तळाशी जाऊन शोध घेतला आणि ती ‘गाझी’च असल्याची खात्री झाली. सापडलेले एक घड्याळ स्फोटाच्या वेळेशी जुळणाऱ्या क्षणी बंद पडले होते, असे कृष्णन यांनी नमूद केले आहे. ९ डिसेंबरला भारताने ‘गाझी’ बुडवल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी रात्री अरबी समुद्रात दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने भारताची ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडवली.

श्रेय कोणाचे?

वादाचे मूळ येथे आहे. पाकिस्तानची भूमिका अशी, की ‘गाझी’ स्वतःच पेरलेल्या सुरुंगांमुळे किंवा आतील अपघाती स्फोटामुळे बुडाली. भारताची अधिकृत भूमिका अशी, की ‘राजपूत’च्या स्फोटकांमुळे ती बुडाली. भारतातही सर्व जण एकमत नाहीत. १९७१ मध्ये पूर्व विभागाचे लष्करी चीफ ऑफ स्टाफ असलेले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी पुढे या दाव्यावर जाहीरपणे शंका घेतली होती.

ज्ञात गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्या, तर चित्र काहीसे असे दिसते. ‘राजपूत’ने दोन स्फोटके टाकली, यावर वाद नाही. मोठा स्फोट झाला, यावरही नाही. वाद आहे तो या दोन घटनांमधील संबंधावर. स्फोटके टाकणे आणि मोठा स्फोट यांत काही मिनिटांचे अंतर होते. पाणबुडीच्या पुढच्या भागाची झालेली दुर्दशा पाहता तेथील पाणतीर किंवा सुरुंग पेटले असावेत, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. बाहेरून बसलेल्या धक्क्याने एवढी हानी होत नाही, असे आक्षेप घेणारे म्हणतात. त्यावर दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की बाहेरच्या धक्क्याने आतील स्फोट घडू शकतो. अचानक हल्ला झाल्यावर घाईने बुडी मारणारी पाणबुडी उथळ तळावर आपटणे, आत आग लागणे आणि ती स्फोटकांपर्यंत पोहोचणे अशक्य नाही. तसेच स्वतः पेरलेल्या सुरुंगाच्या जागेवर ती चुकून परत आली, हेही अशक्य नाही.

कागदपत्रांनी हा निकाल लागू शकला असता. परंतु नौदलाच्या पूर्व विभागातील ‘गाझी’संबंधीच्या त्या काळातील नोंदी नष्ट करण्यात आल्याचे वृत्त २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या वेळी त्यावर बरीच टीका झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाच्या खोल पाण्यात जाणाऱ्या बचावयानाने ‘गाझी’चे अवशेष पुन्हा शोधल्याची बातमी आली. मृतांच्या सन्मानार्थ त्या अवशेषांना हात लावण्यात आला नाही.

चित्रपटाने यात आणखी भर घातली. २०१७ मध्ये आलेल्या ‘द गाझी अॅटॅक’ या चित्रपटात एक भारतीय पाणबुडी ‘गाझी’शी दीर्घ झुंज देऊन तिला बुडवते. अशी झुंज झाल्याची कोणतीही नोंद नाही. अधिकृत वृत्तांत मानला, तरी श्रेय विनाशिकेचे आहे, पाणबुडीचे नाही. पडद्यावरची कथा पाहून इतिहास समजणाऱ्या पिढीच्या मनातून ‘राजपूत’ मात्र हळूहळू पुसली जात आहे.

मात्र श्रेयाच्या या वादात एक गोष्ट झाकोळली जाते. ‘गाझी’ स्वतःच्या सुरुंगाने बुडाली असे गृहीत धरले, तरी ती विशाखापट्टणमच्या तोंडाशी कशासाठी थांबली होती? ‘विक्रांत’ तेथे आहे, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात ‘विक्रांत’ने आपला काळ सुमारे बाराशे किलोमीटर दूर असलेल्या अंदमानच्या बाजूला काढला होता. ४ डिसेंबरला तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग त्यानंतर बंद होत गेला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पाण्याखालचा स्फोट कोणामुळे झाला, याबद्दल दुमत असू शकते. शिकारी चुकीच्या जागी थांबला होता, याबद्दल नाही. ‘राजपूत’चे निःसंशय यश त्या दोन स्फोटकांपेक्षा आधीच्या काही दिवसांतील सोंगात आहे.

निवृत्ती आणि वारसा

१९७६ मध्ये ‘राजपूत’ निवृत्त झाली. भारतीय ध्वजाखाली तिने सत्तावीस वर्षे काढली. ‘रणजित’ आणि ‘राणा’ याही १९७० च्या दशकातच सेवेतून गेल्या. या तिन्ही नौका जपून ठेवल्या गेल्या नाहीत. महायुद्धकालीन पोलादाची किंमत भंगाराइतकीच धरली गेली.

नाव मात्र टिकले. मे १९८० मध्ये सोव्हिएत संघात बांधलेली नवी ‘राजपूत’ नौदलात आली. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या सागरी चाचण्या तिच्यावरून झाल्या आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणममध्येच तिचा निरोप समारंभ झाला. दोन्ही ‘राजपूत’ परदेशी गोदीतल्या होत्या. त्यानंतरचा प्रवास मुंबईच्या माझगाव गोदीतून जातो. तेथे बांधलेली विनाशिका ‘दिल्ली’ १९९७ मध्ये दाखल झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘विशाखापट्टणम’, डिसेंबर २०२२ मध्ये ‘मुरगाव’, डिसेंबर २०२३ मध्ये ‘इंफाळ’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘सुरत’ या विनाशिका नौदलाला मिळाल्या. यांपैकी प्रत्येकीचे वजन सात हजार टनांहून अधिक, म्हणजे जुन्या ‘राजपूत’च्या चौपट आहे. १९४९ मध्ये दुसऱ्यांच्या वापरलेल्या नौका घेऊन शिकायला सुरुवात करणाऱ्या नौदलाने तेवढा पल्ला गाठला आहे.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. तो कराचीवरील क्षेपणास्त्र बोटींच्या हल्ल्याच्या स्मरणार्थ असतो. २०२३ मध्ये तो मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर साजरा झाला, तेव्हा महाराष्ट्राचे लक्ष आपसूक समुद्राकडे वळले. ‘गाझी’ही त्याच तारखेच्या पहिल्या तासात बुडाली. त्या रात्री काय घडले, हे दोन्ही देशांच्या अभिलेखागारांत उरलेल्या कागदपत्रांची मोकळेपणाने तुलना झाली, तरच पुढे केव्हा तरी स्पष्ट होईल. नव्वदहून अधिक मृतांच्या कुटुंबीयांना आणि ‘राजपूत’वर त्या रात्री अंधारात बाहेर पडलेल्या खलाशांना, दोघांनाही ते उत्तर मिळणे न्याय्य ठरेल.